परदेशात पीएच.डी. : जागा कशी शोधावी, पत्र कसे लिहावे

पालकसभेत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. मुलगी एम.एस्सी.ला आहे, पुढे संशोधन करायचे म्हणते, परदेशातही जाईन म्हणते. पण एवढा पैसा आणायचा कुठून? विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा शेजारच्या मुलाचा हिशेब असतो. तो कॅनडाला किंवा इंग्लंडला गेला. वर्षाची फी इतके लाख, राहण्याखाण्याचे तितके लाख, त्यासाठी बँकेचे कर्ज आणि कर्जासाठी राहते घर तारण. हा हिशेब खोटा नाही, पण तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. विद्यार्थ्याने फी भरायची आणि विद्यापीठाने शिकवायचे, अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा तो हिशेब. पीएच.डी.चे, निदान विज्ञान-तंत्रज्ञानातल्या पीएच.डी.चे, गणित बहुतेक ठिकाणी याच्या उलट असते. तिथे विद्यार्थी संशोधनाचे काम करतो आणि त्याबद्दल त्याला पगार किंवा विद्यावेतन मिळते. ही एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना पटली, तर आपल्या कितीतरी हुशार मुलामुलींची वाट मोकळी होईल, म्हणून हा लेख.

आपल्या बडोद्याला ही कल्पना खरे तर नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपण सगळे जाणतो. शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियाहून बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला गेले. पण मुदत संपली आणि १९१७ मध्ये तिथले काम अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे इथल्या नोकरीत त्यांना राहायला जागासुद्धा कोणी दिली नाही, ती लाज या शहराच्या खात्यावर आहे. लंडनचे काम पुरे करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले, तेव्हा स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले पैसे यांवर त्यांनी भागवले. डी.एस्सी. मिळाली ती १९२३ मध्ये. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे, की रक्कम किती, मुदत किती आणि अटी काय, हे तीन प्रश्न शंभर वर्षांपूर्वी जितके महत्त्वाचे होते तितकेच आजही आहेत. परदेशी जागेची जाहिरात हाती आली की सगळ्यांत आधी याच तीन गोष्टी शोधाव्यात.

आता जागा म्हणजे नेमके काय, ते पाहू.

युरोपातल्या बऱ्याच देशांत पीएच.डी. करणारा हा विद्यार्थी कमी आणि कर्मचारी जास्त असतो. नेदरलँड्समध्ये विद्यापीठ त्याला नोकरीचा करार देते, बहुधा चार वर्षांचा. तिथल्या विद्यापीठांच्या २०२४ मधल्या वेतन-करारात पहिल्या वर्षीचा पगार, कर कापण्यापूर्वी, दरमहा सुमारे २९०० युरो होता आणि तो दरवर्षी वाढत जातो. स्वीडनमध्येही पूर्णवेळ चार वर्षांचे काम असते. शिकवण्याची थोडी जबाबदारी घेतली तर ते पाच वर्षांपर्यंत लांबते. डेन्मार्कमध्ये साधारण तीन वर्षे. या देशांत अशा जागा रिक्त पदाप्रमाणे जाहीर होतात. म्हणजे अर्ज करायचा तो ‘प्रवेशा’साठी नव्हे, तर त्या विशिष्ट जागेसाठी. विषय ठरलेला, मार्गदर्शक ठरलेला, पैसा आधीच मंजूर झालेला. आपल्याकडे आधी प्रवेश, मग गाईड, मग विषय, मग फेलोशिप असा क्रम असतो. तिथे तो उलटा आहे. हे लक्षात न आल्यामुळे मुले विद्यापीठाच्या मुख्य संकेतस्थळावर ‘अॅडमिशन’चे पान शोधत बसतात आणि जागा मात्र ‘नोकऱ्या’ या पानावर पडून असते.

जर्मनीत दोन्ही वाटा आहेत. एक जुनी वाट, म्हणजे प्राध्यापक शोधा, त्यांनी हो म्हटले की त्यांच्या हाताखाली काम सुरू करा. दुसरी आखीव कार्यक्रमाची, जिथे अनेक प्राध्यापक मिळून दरवर्षी ठरावीक विद्यार्थी निवडतात. माक्स प्लांक संस्थेच्या ‘आंतरराष्ट्रीय संशोधन शाळा’ या दुसऱ्या प्रकारातल्या. त्या २००० पासून चालू आहेत आणि कामकाज इंग्रजीत चालते. विद्यापीठातल्या जागांच्या जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई-१३, ६५ टक्के’ असे काही लिहिलेले दिसते, आणि आपली मुले तिथे अडखळतात. ही सरकारी वेतनश्रेणी आहे. पुढची टक्केवारी म्हणजे त्या श्रेणीतल्या पूर्ण पगाराचा किती भाग मिळणार. विषयाप्रमाणे ती ५० पासून १०० पर्यंत असते. अभियांत्रिकी व संगणकशास्त्रात जास्त, जीवशास्त्रात कमी. पन्नास टक्के लिहिले म्हणून अर्धा दिवस काम, असे मात्र कोणी समजू नये. प्रयोगशाळेत दिवस पूर्णच जातो.

मार्गदर्शकाचे नाव माहीत नसेल तर शोध सुरू करायला तीन ठिकाणे पुरेशी आहेत. युरोपीय आयोगाचे ‘युराक्सेस’ हे संकेतस्थळ, जर्मनीच्या डाड या संस्थेची जर्मन पीएच.डी. जागांची यादी, आणि नेदरलँड्ससाठी ‘अॅकॅडेमिक ट्रान्सफर’. डाड ही १९२५ पासून चालत आलेली संस्था आहे. तिची माहिती थेट तिच्या कार्यालयातून मिळते, त्यासाठी अलकापुरीतल्या कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

युराक्सेसवर शोधताना ‘मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क’ हे लांबलचक नाव पुन्हा पुन्हा दिसेल. त्यावर थोडे थांबतो, कारण भारतातून थेट जाणाऱ्या विद्यार्थ्याला याहून सोयीची योजना आम्हांला दुसरी दिसलेली नाही. वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठे, संशोधन संस्था आणि काही कंपन्या एक विषय घेऊन एकत्र येतात. समजा विषय आहे समुद्रातल्या पवनचक्क्यांचा. त्या विषयाचे दहा-पंधरा तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक डॉक्टरल उमेदवार नेमला जातो, एक डेन्मार्कमध्ये, एक स्पेनमध्ये, एक आयर्लंडमध्ये. प्रत्येकाने काही महिने दुसऱ्या देशातल्या सहकारी संस्थेत काम करायचे, सगळ्यांनी मिळून प्रशिक्षण शिबिरे करायची. युरोपीय संघाचा पैसा साधारण तीन वर्षांचा असतो आणि उमेदवाराला नोकरीचा करार मिळतो. २०२१ पूर्वी हीच योजना थोड्या वेगळ्या नावाने चालत असे. जुन्या लेखांत ‘आयटीएन’ असे दिसले तर ती हीच.

या योजनेला राष्ट्रीयत्वाची अट नाही. भारतीय, ब्राझिलियन, जर्मन, सगळे एका रांगेत. उमेदवाराकडे आधीच डॉक्टरेट नसावी, ही एक अट. दुसरी अट मात्र नीट समजून घ्यावी: नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशात १२ महिन्यांहून अधिक राहिलेला किंवा काम-शिक्षण केलेला नसावा. याचा व्यवहारातला अर्थ असा. आपला एखादा माजी विद्यार्थी फी भरून, कर्ज काढून दोन वर्षे जर्मनीत एम.एस. करून बसला असेल, तर त्याला याच योजनेतली जर्मनीतली जागा लगेच घेता येत नाही. बेल्जियमची, फिनलंडची घेता येईल. आणि जी मुलगी इथे एम.एस.मधून एम.एस्सी. करून घरी बसली आहे, तिला युरोपातली प्रत्येक जागा खुली आहे. कर्ज काढणारा मागे आणि न काढणारी पुढे, असे क्वचितच घडते. इथे घडते.

या जागांसाठी दरवर्षी एक ठरलेला हंगाम असतो. प्रकल्पांच्या प्रस्तावांची मुदत बहुधा नोव्हेंबरात संपते, निकाल पुढच्या वसंतात लागतात, आणि मग उन्हाळ्यापासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत जाहिराती येत राहतात. म्हणून एकदा शोधले, काही मिळाले नाही, सोडून दिले, असे करू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी वर्षभर राखून ठेवावी.

अमेरिकेची पद्धत वेगळी. तिथे बहुतेक विभागांत डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अर्ज घेतात आणि वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. पदवीनंतर थेट पीएच.डी.ला घेतात, म्हणून मुदतही मोठी, पाच वर्षे किंवा अधिक. चांगल्या विभागात प्रवेश मिळाला तर फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या साहाय्यकपदाचे विद्यावेतन मिळते. खर्च आहे तो अर्जाचा. एकेका विद्यापीठाचे अर्जशुल्क बहुधा पाऊणशे ते सव्वाशे डॉलर असते. दहा ठिकाणी अर्ज केले तर लाखाच्या आसपास रक्कम नुसती अर्जांत जाते. शुल्कमाफी मागता येते आणि अनेक विभाग ती देतात. मागायला संकोच करू नये. जीआरई परीक्षा बऱ्याच विभागांनी आता काढून टाकली आहे, तेव्हा क्लासची फी भरण्यापूर्वी आपल्याला हव्या त्या विभागांची पाने वाचावीत. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. विद्यावेतनासह जागा देणाऱ्या बहुतेक अमेरिकी विद्यापीठांनी आपसांत मान्य केले आहे, की विद्यार्थ्याला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. तेव्हा फेब्रुवारीत पत्र आले म्हणून घाईने होकार कळवण्याचे कारण नाही. मात्र २०२५ मध्ये तिथल्या संघ सरकारने संशोधनाच्या पैशाला मोठी कात्री लावली आणि अनेक विभागांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. एकट्या अमेरिकेवर भिस्त ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे नाही.

इंग्लंडबाबत सावध राहावे. तिथे पीएच.डी.ची शिष्यवृत्ती मिळाली तरी ती स्थानिक विद्यार्थ्याच्या फीइतकीच असू शकते, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी तिच्या कितीतरी पट. मधला फरक कोण भरणार, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. सरकारी संशोधन मंडळाच्या शिष्यवृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या झाल्या, पण एका तुकडीत जास्तीत जास्त ३० टक्के. ऑस्ट्रेलियात केंद्र सरकारचा ‘रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम’ आहे. अर्ज विद्यापीठामार्फत करायचा, मिळाला तर फी आणि विद्यावेतन दोन्ही. जपानमध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती दूतावासामार्फत किंवा विद्यापीठाच्या शिफारशीने मिळते. ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत तर सगळा कारभार इंग्रजीत आहे आणि निवडलेल्या प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला विद्यावेतन आहे.

आता पत्राचा विषय. जिथे प्राध्यापकांना आधी लिहावे लागते, तिथे आपली मुले सर्वाधिक घसरतात. एकच मजकूर दोनशे पत्त्यांवर पाठवला जातो: ‘आदरणीय महोदय, आपल्या जगद्विख्यात विद्यापीठात संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा असून मी अत्यंत कष्टाळू आहे.’ अशी पत्रे उघडली जात नाहीत. प्राध्यापकाचे नावही कधीकधी आधीच्याच पत्रातले राहून गेलेले असते! याऐवजी दहाच जणांना लिहावे, पण प्रत्येकाचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचून लिहावे. पत्र एका पडद्यात मावेल इतके असावे. पहिल्या दोन वाक्यांत आपण कोण, काय शिकतो आणि कधीपासून मोकळे आहोत. पुढच्या परिच्छेदात त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट, आणि आपण केलेल्या प्रकल्पाशी तिचा संबंध. मग एक सरळ प्रश्न: येत्या वर्षी आपल्या गटात पैशासह जागा आहे का, नसल्यास कोणत्या शिष्यवृत्तीसाठी आपण मला पाठिंबा द्याल? सोबत दोन पानांची माहिती आणि गुणपत्रक, एकाच फाइलमध्ये. जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, ‘हॉबीज’ यांची गरज नाही. प्रकल्पात स्वतः काय केले ते मात्र खुलासेवार हवे. ‘एचपीएलसी यंत्र वापरता येते’ यापेक्षा ‘या यंत्रावर अमुक पद्धत बसवली, चाळीस नमुने तपासले, तीन वेळा उत्तर जुळले नाही तेव्हा असे केले’ हे लिहिणारा उमेदवार लक्षात राहतो. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एक आठवण पाठवावी. दुसरी पाठवू नये.

शिफारसपत्रे हा आपल्याकडचा नाजूक भाग. सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. मग एकाच विद्यार्थ्याची तिन्ही पत्रे एकाच भाषेत, एकाच चुकांसह जातात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. शिक्षकांनाही आमची विनंती आहे. चार ओळी लिहा, पण स्वतः लिहा. आणि महाविद्यालयाच्या अधिकृत ई-पत्त्यावरून पाठवा, कारण खासगी पत्त्यावरून आलेले पत्र अनेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत. विद्यार्थ्याने शिक्षकांना निदान महिनाभर आधी सांगावे, सोबत जाहिरात आणि आपली माहिती द्यावी.

शिफारस लिहिण्याजोगे काही काम हाताशी असावे लागते. तिथे उन्हाळी संशोधन प्रशिक्षण उपयोगी पडते, आणि ते आधी देशातच करावे असे आमचे मत आहे. भारतातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम आहे. आपल्याला तर अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था बसने गाठता येतात. परदेशी प्रशिक्षणात कॅनडाच्या मायटॅक्स संस्थेचा ‘ग्लोबलिंक’ कार्यक्रम बारा आठवड्यांचा असतो आणि त्यात भारतीय पदवी विद्यार्थी घेतात. इटलीत त्रिएस्ते येथे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेले सैद्धांतिक भौतिकी केंद्र विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवते; भौतिकशास्त्र-गणिताची ज्यांची तयारी पीएच.डी.ला थोडी कमी पडते, त्यांच्यासाठी तो उत्तम पूल आहे.

देशात पीएच.डी. करून मधले काही महिने परदेशी प्रयोगशाळेत काढणे, हाही चांगला मार्ग आहे. इथे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि भारतात नोंदणी झालेल्यांसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपसारखी अमेरिकेत सहा ते नऊ महिने काम करण्याची सोय आहे. घरी म्हातारे आजी-आजोबा आहेत, लांब जाता येत नाही, अशांनी हा पर्याय कमी प्रतीचा मानू नये.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा उल्लेख अशा लेखांतून राहून जातो. इतिहास, संस्कृत, भाषाशास्त्र यांत जागा थोड्या आणि पैसा कमी, हे खरे. पण मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्या परदेशी विद्यापीठांना मोडी वाचणारा माणूस सहज सापडत नाही. मोडी येते, मराठी घरची, गुजराती शाळेतली आणि हिंदी येता-जाता कानावर पडलेली, असा विद्यार्थी आपल्या गावात निघू शकतो. कोलंबियात किंवा हायडेलबर्गमध्ये तो दुर्मिळ असतो. जुनी कागदपत्रे घरात असतील तर ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा मुलांना दाखवावीत.

सरकारी शिष्यवृत्त्यांबाबत आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचा एक घोटाळा नेहमी होतो. नातेवाईक पुण्याहून कळवतात, की महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती निघाली आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची ती योजना चांगली आहे, पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. आपले रहिवासाचे दाखले गुजरातचे. तेव्हा आपल्याला पाहायच्या त्या गुजरात सरकारच्या योजना आणि केंद्राच्या. केंद्राची ‘नॅशनल ओव्हरसीज’ शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे; कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपेक्षा जास्त नसावे आणि वय ३५ च्या आत असावे. २०२२ मध्ये या योजनेत एक बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. आमच्या मते तो बदल चुकीचा होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा इतिहास लिहिलाच गेला नाही, त्यांच्या मुलांनी तो बाहेर जाऊन लिहू म्हटले, तर अडवावे कशाला?

फसवणुकीबद्दल थोडे. खरी डॉक्टरल जागा देणारी संस्था ‘जागा पक्की करण्यासाठी’ पैसे मागत नाही. नेमणूकपत्र आले, पण ते विद्यापीठाच्या पत्त्यावरून नाही, मुलाखत झालीच नाही, आणि अनामत मात्र लगेच भरायची आहे, तर ते पत्र खोटे समजावे. परदेशी पाठवणाऱ्या सल्लागारांविषयी आमचे म्हणणे एवढेच, की त्यांतल्या अनेकांना विद्यापीठाकडून दलाली मिळते ती फी भरणाऱ्या विद्यार्थ्यामागे. पगारी पीएच.डी.मागे दलाली नाही. त्यामुळे त्यांच्या टेबलावर त्या जागांचे पत्रक दिसत नाही, यात नवल काही नाही.

शाळेत असलेल्या मुलामुलींना यातले काय उपयोगाचे? आठवी-नववीच्या मुलाने पीएच.डी.ची चिंता करू नये, गणिताची करावी. पण एक काम पालकांनी आजच करण्यासारखे आहे, ते म्हणजे नावाचे. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. कुठे पवारांचे स्पेलिंग ‘डब्ल्यू’ने, कुठे ‘व्ही’ने, कुठे वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ लागलेले, कुठे ‘राव’. दहा वर्षांनी व्हिसाच्या खिडकीवर हीच अक्षरे प्रतिज्ञापत्रे करायला लावतात. शाळेच्या रजिस्टरातली, दहावीच्या अर्जातली आणि जन्मदाखल्यातली नावे एकदा शेजारी ठेवून पाहावीत. दुरुस्ती दहावीच्या परीक्षेपूर्वी सोपी असते, नंतर बोर्डाच्या फेऱ्या माराव्या लागतात. अकरावी-बारावीतल्यांनी पुढचे शिक्षण निवडताना अभ्यासक्रमात शेवटी पूर्ण वर्षाचा किंवा निदान सहा महिन्यांचा प्रकल्प आहे का, ते विचारावे. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तो असतो. युरोपात बहुतेक ठिकाणी पीएच.डी.साठी मास्टर्स लागते, आणि त्यातला प्रबंध हाच मुलाखतीचा मुख्य विषय होतो.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे एक गोष्ट मांडतो. पगारी जागा मिळाली तरी पहिला पगार महिनाअखेर येतो. त्याआधी विमानाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क, कागदपत्रांची भाषांतरे, खोलीचे पहिले भाडे आणि दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत हातातून जाते. ज्या घरात ही रक्कम नाही, तिथे नेमणूकपत्र हाती असूनही मुलगी अडकू शकते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापलेला निधी आजही उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. देणगी नव्हे, कर्ज, म्हणजे परत आलेला पैसा पुढच्याच्या उपयोगी पडतो. आपल्या शाळेला एवढा व्याप झेपणार नाही. पण नेमणुकीचा सही झालेला करार दाखवणाऱ्या माजी विद्यार्थ्याला बिनव्याजी हातउसने द्यायचे आणि वर्षभरात हप्त्यांनी परत घ्यायचे, इतके माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून करता येईल. करार खरा आहे की नाही, हे विद्यापीठाला ई-पत्र पाठवून कार्यालयातून तपासता येते. मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा घ्यावा, असे पत्र आम्ही या अंकाबरोबरच दिले आहे.